आता नको मना

गणपतीआधी वाडीत जाखडी नाचाच्या तालमी सुरू झाल्या, तशी विमलाने खिडक्या लावून घेतल्या. तिला घुंगरं ऐकवत नव्हती. गेल्या वर्षी याच दिवसांत तिच्या विनीतने पायातला घुंगरांचा चाळ चुलतभावाला देऊन टाकला. ‘आता नको मना,’ हसत म्हणाला. दहावीचं वर्ष, नाचाचं खूळ सुटलं म्हणून तिने देवापुढे साखर ठेवली. आठवड्यात पोराने जीव दिला. मुलींच्या नाचात पुढे असणारी शेजारची ज्ञानेश्वरी आज दिवेलागणीला आली. हातात स्वतःचा चाळ. ‘काकू, कोणाला तरी द्या हा. आता नको मना.’ चेहऱ्यावर तेच हसू. विमलाने चाळ घेतला नाही; चाळासकट तिचे हात धरले. ‘खरं सांग गो, मरावंसं वाटतंय काय तुला?’ पोरगी हात सोडवू लागली. ‘विनीतला मी विचारलंच नाही गो.’ मुठीतले हात थरथरले. चाळातली घुंगरं वाजू लागली. विमला ऐकत राहिली.