पाचवा रकाना

"उत्तरा, उजव्या हाताने!" मृणालिनी स्वयंपाकघरातून ओरडली.

उत्तराने पुढे केलेला डावा हात मागे घेतला, डोळे फिरवले आणि गणपतीचा प्रसाद उजव्या हातावर घेतला.

"असू दे हो वहिनी, बाप्पा काही रागावत नाही," दिगंबरचा मित्र श्रीरंग म्हणाला आणि पोरगी खुदकन हसली.

दिगंबरला ते हसणं टोचलं. घर त्याचं, गणपती त्याचा, चौदा वर्षांची पोरगी त्याची, आणि हसायची मात्र श्रीरंगकाकाच्या बोलण्यावर. दर शनिवारी ती गणित शिकायलाही त्याच्याकडेच जायची. दिगंबर स्वतः इंजिनियर. पण "बाबा, यू गेट अँग्री" म्हणून त्याच्याकडून शिकणं तिने दुसऱ्याच दिवशी बंद केलं होतं.

बरं, गणिताचं एक वेळ सोडा. मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या रायफल क्लबात श्रीरंगला दिगंबरनेच नेलं होतं, पाच वर्षांपूर्वी. तेव्हापासून ऑक्टोबरातली नेमबाजीची ट्रॉफी दर वर्षी श्रीरंगच्या घरी आणि दिगंबर दर वर्षी दुसरा. दुसऱ्याला क्लब एक टोपी देई. दिगंबरच्या कपाटावर पाच टोप्या साठल्या होत्या. त्यातली एकही त्याने कधी डोक्यावर घातली नव्हती.

"एक काम होतं यार," श्रीरंग त्याला बाजूला घेऊन म्हणाला. "माझ्या सेमी-ऑटोमॅटिकला हलका स्टॉक बसवायचाय."

स्टॉक म्हणजे रायफलचा दस्ता, खांद्याला टेकवायचा. श्रीरंगचा अक्रोडाच्या लाकडाचा होता, देखणा आणि भरभक्कम.

"त्या लाकडाने तुझं काय वाईट केलंय?"

"जड पडतो. तुझं तर कामच वजन कमी करायचं. तूच निवड."

ते खरं होतं. दिगंबर दिवसभर मोटारीच्या सीटमधून ग्रॅम ग्रॅम वजन काढत बसे.

"अजून काही?"

"मागून थोडा आखूड करता यायला हवा. आणि डाव्या-उजव्या दोन्ही खांद्यांना चालेल असा बघ."

आखूड कशाला, ते दिगंबरला लगेच कळलं. मिशिगनची थंडी, जाड जॅकेट घातलं की दस्ता लांब पडतो. दोन्ही खांद्यांना कशाला, तर पुढेमागे विकताना गिऱ्हाईक पटकन मिळावं म्हणून. पक्का व्यवहारी माणूस, दिगंबर मनात म्हणाला.

त्याने एक्सेलमध्ये तक्ता मांडला. शेवटी दोन दस्ते उरले. दोन्ही हलके, दोन्ही आखूड होणारे. एक कार्बन फायबरचे पातळ थर दाबून केलेला, ताठ. दुसरा पोकळ प्लास्टिकचा, त्याहूनही थोडा हलका. हा दुसरा दिगंबरने क्लबातल्या एकाच्या रायफलवर पाहिला होता. जरा जोर पडला की तो वाके, वाकला की नळीला टेके, आणि मग गोळी भलतीकडेच जाई.

तक्त्यात पाच रकाने होते. पाचवा ताठपणाचा.

दिगंबरने तो पुसून टाकला. उरलेल्या चारांत प्लास्टिकवाला सहज पहिला आला.

लाज वाटली का? थोडी वाटली. मग कपाटावरच्या टोप्या दिसल्या आणि त्याने तक्ता पाठवून दिला.

"तू म्हणशील तोच. थँक्स यार!" श्रीरंगचं उत्तर आलं. त्याने एवढा विश्वास ठेवावा याचाही दिगंबरला रागच आला.

पुढचे शनिवार उत्तरा उशिरा घरी यायची आणि गुणगुणत यायची. बीजगणित शिकून कोण गुणगुणतं? ते श्रीरंगलाच जमायचं. दिगंबर जळफळायचा आणि ऑक्टोबरची वाट पाहायचा.

स्पर्धेच्या दिवशी त्याचा हात असा काही लागला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. शंभरात चौऱ्याण्णव! आजवर एवढे कधी पडले नव्हते. आता एकच स्पर्धक उरला होता, आणि श्रीरंग नेम धरायच्या जागेवर रायफल ठेवत होता. दस्ता काळा, नवाकोरा, प्लास्टिकचा.

"पार्सल लटकलं होतं यार," श्रीरंग म्हणाला. "काल संध्याकाळी आला. कसाबसा बसवला. एक गोळीसुद्धा झाडून बघितली नाहीये."

"काही होत नाही," दिगंबर म्हणाला. त्याला हसू आवरेना. "चल, तुझाच नंबर आहे."

"माझा? छे. मी या वर्षी नावच दिलेलं नाही."

रेंजच्या ऑफिसरने कागदावरचं शेवटचं नाव पुकारलं. आडनाव दिगंबरचंच होतं.

मागच्या दारातून उत्तरा आली, गळ्यात कानांचे मफ अडकवून. तिच्यामागे मृणालिनी, हातात कॅमेरा. "सरप्राइज!" दोघी एकदम म्हणाल्या.

"सहा महिने शिकतेय," मृणालिनी म्हणाली. "शनिवारी अर्धा वेळ गणित, अर्धा वेळ हे. फॉर्मवर मीच सही केली. तुम्ही बघत असताना पहिली मॅच खेळायची, एवढा एकच हट्ट होता तिचा."

उत्तराने रायफल उचलून डाव्या खांद्याला लावली. दस्ता तिच्या मापाला अगदी बरोबर बसला.

"उत्तरा, थांब!" दिगंबर पुढे झाला. ऑफिसरने हात आडवा घातला. नेम धरणाऱ्याजवळ कुणाला जाता येत नसे.

ती बापाकडे बघून हसली. श्रीरंगकाकाच्या बोलण्यावर हसायची, त्याहून कितीतरी मोकळं. आणि कानांवर मफ ओढता ओढता म्हणाली, "काका दुकानात विचारणार होते, बाबा. मीच म्हटलं, नो, माझ्या बाबांना विचारा. ही विल पिक द बेस्ट वन."