बाबांची परीक्षा

"बाबा, चावी मले द्या," पियुष तिसऱ्यांदा म्हणाला.

"तुले काहून गा? मी आहो नं." चंपतरावांनी मोटरसायकलची चावी खिशात टाकली आणि मुलाच्या हेल्मेटचा पट्टा सोडवला.

एकाहत्तरीचा माणूस हिंगण्याहून रामदासपेठेपर्यंत गाडी हाणत आला होता आणि तरणाताठा मुलगा मागे बसून होता. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही. आज बाबा स्मरणशक्तीच्या परीक्षेत नापास झाले, तर चावी कायमची काढून घ्यायची, असे पियुषने ठरवले होते. त्या विचाराने त्याला सकाळपासून वाईट वाटत होते.

दवाखान्याच्या दारात पिवळ्या साडीतली सिस्टर वाट बघत होती. तिने न विचारता त्याच्या हातावर मुगाचा लाडू ठेवला. रामदासपेठेतले दवाखाने आता पाहुणचारही करतात, याची त्याला गंमत वाटली. पण काउंटरवरच्या माणसाने तिला पेशंटचे नाव विचारले, तेव्हा ती खाली बघत राहिली आणि तिने कागद चंपतरावांकडे सरकवला. पेशंटचे नावही ठाऊक नाही, ही कसली सिस्टर?

डॉक्टर नंदिनीबाईंनी दोघांच्याही डोळ्यांवर जाडजूड चष्मे चढवले. म्हातारा आणि तरुण, दोघांची तुलना करायची म्हणाल्या. पट्टा आवळताना त्यांचा हात पियुषच्या डाव्या कानाच्या वर थबकला. तिथले केस न्हाव्याने फारच बारीक कापले होते. कोणत्या न्हाव्याने, ते काही त्याला आठवेना.

चष्म्यात चक्क बाजार भरला होता. मान वळवली की नवी दुकाने दिसायची. सात वस्तू घ्यायच्या आणि कोणती कुठे होती ते नंतर सांगायचे. पियुषला कंदील सापडला, अडकित्ता सापडला. मग त्याचा गोंधळ उडाला. या गल्लीतून आपण आताच गेलो, की पहिल्यांदाच आलो? सगळे लक्ष बाबांकडे, दुसरे काय होणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

चष्मे उतरले. बाबांच्या सातही वस्तू बरोबर निघाल्या आणि पियुषचा जीव भांड्यात पडला. चावी बाबांजवळच राहू द्यायची ना, असे त्याने विचारून घेतले.

"राहू द्या," नंदिनीबाई म्हणाल्या. मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या पिवळ्या साडीकडे बोट केले. "पियुष, ह्या कोण?"

"काहून विचारून राहिल्या मॅडम? तुमच्याच सिस्टर त्या. मघाशी लाडू देला त्यायनं मले."

नंदिनीबाईंनी कागदावर फुली मारली. आपले काय चुकले, ते पियुषला कळेना. सिस्टरने पदर तोंडाला लावला होता. चंपतराव उठून तिच्याजवळ गेले.

"रडू नको वं सूनबाई," ते म्हणाले. "मांगच्या बारीनं तं त्यानं मलेही ओळखलं नव्हतं."