टाच

"आल्या मुंग्या," असं म्हणत ती व्यायामाच्या यंत्रावरून उतरली.

"किती मिनिटं झाली?"

"आठ."

त्याने हातातला पाना स्टुलावर आपटला. काल आठ, परवा नऊ. पेडलवर पावलं ठेवायची आणि जागच्या जागी चालायचं, एवढंच त्या इलिप्टिकलचं काम. पण बायकोची पावलं दहा मिनिटंही टिकत नव्हती. आधी बोटं बधिर व्हायची, मग तळव्याचा पुढचा भाग. ती खुर्चीत बसून बोटं चोळायची आणि तो यंत्राकडे खाऊ का गिळू असा बघत उभा राहायचा.

सत्तावीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. अडलेल्या लिफ्टचा बिघाड नुसत्या आवाजावरून सांगणारा माणूस, आणि बैठकीच्या खोलीतलं हे सेकंडहँड धूड त्याला दाद देत नव्हतं. बायकोची साखर काठावर आली होती. डॉक्टरांनी तिला रोज अर्धा तास चालायला बजावलं होतं. पण आतल्या खोलीत त्याची आई खुब्याचं हाड मोडून सात महिने अंथरुणाला खिळलेली. तिला टाकून बायको बाहेर जाणार कशी? म्हणून चालणंच घरात आणलं होतं.

त्याने यंत्राचे पाय पाणपातळी लावून समतल केले. पेडलवर रबर चिकटवलं. बुटांच्या नाड्या सैल केल्या, मग एक नंबर मोठे बूट आणले. जाड मोजे झाले, पातळ मोजे झाले. डॉक्टरांनी तळवे टोचून पाहिले आणि नसा ठणठणीत असल्याचं सांगितलं. मुंग्या मात्र नेमाने येत राहिल्या.

"मग दोष आहे तरी कुठे?" तो वैतागून म्हणाला.

"मला काय विचारता? मेकॅनिक तुम्ही."

रविवारी तो स्वतःच यंत्रावर चढला. अर्धा तास घाम गाळला. पावलांना काही म्हणजे काही झालं नाही.

"नाचता येईना अंगण वाकडं," उतरता उतरता तो म्हणाला.

आतून आईची हाक आली होती, ती तिकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने यंत्राशेजारी पाट मांडला आणि विजेरी घेऊन बसला. ती चालत असताना तिची पावलं त्याने आजवर नीट पाहिलीच नव्हती. आधीची सगळी तपासणी यंत्र थांबवून झाली होती. ती चालू लागली. पहिली दोन मिनिटं सगळं ठीक होतं. मग आतून आवाज आला, "अगं, ऐकलंस का?" ती उतरली, आत गेली, आईची उशी सारखी करून परत आली आणि पुन्हा चढली.

या वेळी तिच्या टाचा पेडलवर टेकल्याच नाहीत. सगळा भार पुढे, बोटांवर. बुटाच्या टोकाला पडणाऱ्या वळ्यांवरून आत बोटं आवळलेली कळत होती. अंग आतल्या दाराकडे कललेलं. आई खोकली, तिचा वेग कमी झाला. खाट करकरली, पुन्हा कमी झाला. आठव्या मिनिटाला ती उतरली.

"सापडलं," तो खुशीत म्हणाला. "टाच टेकवत नाहीस तू. पूर्ण पाऊल टेकव, अंग सरळ ठेव आणि निवांत चाल. एवढंच तर आहे."

ती नाड्या सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी निवांत चालायला लागले, तर आईंची हाक कोण ऐकणार?"

'मी आहे ना,' हे त्याच्या ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. रविवारी तो यंत्रावर असताना आईने तीनदा हाक मारली होती. तिन्ही हाका त्याला स्पष्ट ऐकू आल्या होत्या. त्याचा वेग एकदाही कमी झाला नव्हता.

त्याने विजेरी बंद केली आणि पाट उचलून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला यंत्रावर चढायला सांगितलं आणि स्वतः आईच्या खाटेशी जाऊन बसला. आईने त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. पाच-सहा मिनिटांनी ती चुळबुळ करू लागली.

"तिला बोलाव," ती म्हणाली.

"काय हवंय?"

"लघवीला भांडं द्यायचंय. तुझं काम नाही ते. तिला पाठव."

बाहेर यंत्राची घरघर मंदावली. त्याने दाराकडे तोंड करून आवाज दिला, "तू चालत राहा." क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग घरघर सुरू झाली. आईने संकोचून तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचेही कान तापले होते. त्याने खाटेखालचं भांडं ओढलं, ते हातात उलटसुलट करून पाहिलं आणि शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"ती अर्धा तास येणार नाही, आई," तो म्हणाला. "कसं करायचं ते मला सांग."