उरलेली अर्धी प्रार्थना

चिठ्ठी उघडली आणि अपोलीनचा मण्यावरचा अंगठा थिजला. ‘माये, शेजारणीच्या वाईट नजरेपासून माझं घर राख.’ शब्द तिचेच होते, पण अक्षर तिचं नव्हतं.

ऑक्टोबरात वाडीतल्या एकेका घरी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, व्हायची. मरियामातेच्या मूर्तीपुढच्या टोपलीत बिननावाच्या विनंत्या पडायच्या आणि दर दहा मण्यांआधी घरची बाई त्यातली एक वाचून दाखवायची. आज पाळी अपोलीनच्या घरची होती, आणि हेच शब्द लिहिलेली तिची चिठ्ठी अजून टोपलीतच होती. केळी करपल्यापासून तिला शेजारच्या सबिनाच्या नजरेची धास्ती होती. गळ्यात माळ घातल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नसे.

तिनं वर पाहिलं. सबिना मान खाली घालून, मुठीत माळ घट्ट आवळून बसली होती. म्हणजे हिला माझी भीती? मग मरियामाता कुणाला कुणापासून राखणार?

‘वाच ना गं,’ सासू कुजबुजली.

अपोलीननं चिठ्ठी न वाचताच मिटली. ‘दोन घरांसाठी,’ ती कशीबशी म्हणाली. सबिनानं चमकून वर पाहिलं.

‘नमो मरिये, कृपापूर्णे...’ अपोलीननं अर्धी प्रार्थना म्हटली. उरलेली अर्धी सगळ्यांनी उचलली. सबिनाचा आवाज तेवढा एक शब्द उशिरा आला, ‘आम्हां पाप्यांसाठी विनंती कर.’