चौकोनी तवा

पहिली काठी मंजुश्रीच्या खांद्यावर बसली. दुसरी तिने हातावर झेलली. बांगड्या फुटल्या आणि काचा ओट्यावर उडाल्या.

"काय हाय हे?" शिवप्पा ओरडला.

सासऱ्याच्या पायाशी तांब्याचा एक चौकोनी तवा पडला होता. वीतभर रुंद, त्याहून जरा लांब, उभ्या कडांचा, लाकडी मुठीचा. शेजारी वर्तमानपत्राचा पुडा फुटला होता आणि त्यातून अंड्यांची टरफलं सांडली होती. उदगीरच्या त्या लिंगायत घरात चार पिढ्यांत अंडं आलं नव्हतं. त्यात श्रावण चालू होता.

शिवप्पा एरवी स्वयंपाकघरात येत नसे. आज सुनेच्या हातची सुरळीची वडी दुपारी पुन्हा खावीशी वाटली, म्हणून स्वतःच उठून आला. डबे हलवताना मागे फडक्यात गुंडाळलेलं हे सापडलं.

"बोल की! तोंड शिवलंय का?"

"तवा आहे, मामा. आम्लेटाचा. जपानी लोक करतात तसल्या."

"जपानी!" तो हसला. "चौकात गाड्यावर मिळतंय की दहा रुपयाला. त्याच्यासाठी जपान गाठलंस व्हय? लातूरच्या दवाखान्यात नर्स होतीस ती हेच शिकायला?"

काठी पोटरीवर बसली. मंजुश्री खाली कोसळली, तशीच ओट्याला धरून उठली. बोलत राहिलं तर मार थांबतो, एवढं तिला कळलं होतं. ती बोलत राहिली. गोल तव्यावर कडा वाकड्या येतात. लोखंडी तव्यावर करपतं. बाजारातला काळा तवा घेऊन पाहिला, तो हलका, त्याचे कोपरेही गोल. म्हणून लातूरच्या तांबटाकडून हा करून घेतला. तांबं सगळीकडे सारखं तापतं. पातळ थर ओतायचा, थिजला की गुंडाळायचा, परत तेल, परत थर. रंग पिवळाच राहतो, मामा. एक ठिपकासुद्धा पडत नाही.

"गिळायचंच तर वाकडं काय अन् सरळ काय? येवढा थाट कुणासाठी?"

मंजुश्री वाकून टरफलं गोळा करू लागली. ते पाहून शिवप्पाचं डोकं आणखी फिरलं.

ती काठी त्याच्याच आजारपणातली. चैत्रात क्षयाने त्याला अंथरुणाला खिळवलं होतं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था. रोजच्या पूजेला डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं की हात लटपटायचा. बायको, पार्वतम्मा, खालून आपला हात लावायची, तेव्हा कुठे पूजा व्हायची. आता तो तळहात पाटासारखा स्थिर राहत होता. "गोळ्यांनी न्हाई, पूजेनं उठलो मी," असं तो गल्लीत सगळ्यांना सांगे. काठीची गरज संपली होती. आज ती पुन्हा कामाला आली.

आवाज ऐकून पार्वतम्मा दारात येऊन उभी राहिली. चाळीस वर्षं ती अशीच दारात उभी राहत आली होती.

"तू मधी पडू नको," शिवप्पा तिला म्हणाला. त्याने काठी फेकली, तवा उचलला आणि गॅसवर आदळला. गॅस पेटवून पूर्ण सोडला. "लई हौस हाय न्हवं तुला तव्याची? ठेव हात त्याच्यावर."

डाव्या हाताने त्याने मंजुश्रीचं मनगट धरलं. ती मागे रेटत होती, पाय फरशीवर घसरत होते, फुटलेल्या काचा तळव्यांत घुसत होत्या. पकड ढिली होत नव्हती.

तवा रिकामा तापवू नका, कल्हई पळून जाईल, असं तांबटाने बजावलं होतं. दोन मिनिटांतच आतली चकाकी मंदावली. मग कल्हई हलली. तिचे चांदीसारखे थेंब झाले आणि ते एका कोपऱ्यात घरंगळू लागले. मंजुश्रीचा तळहात त्यांच्यावर वीतभर होता. मग चार बोटं. मग दोन.

"आत्या!" ती किंचाळली.

पार्वतम्मा आत आली. तिने आधी गॅस बंद केला.

"सोडा तिला. तिनं त्यातला एक घासबी खाल्ला न्हाई."

"मग कोण? अमरनाथ? माझा पोरगा खातो?"

"न्हाई. मीबी न्हाई."

"मग खातंय कोण माझ्या घरात?"

पार्वतम्माने फळीवरची झाकलेली ताटली काढली आणि तव्याशेजारी ठेवली. झाकण उचललं. सकाळच्या दोन सुरळीच्या वड्या उरल्या होत्या. वर खोबरं, कोथिंबीर. पिवळ्याधमक, एकही ठिपका नसलेल्या.

"डॉक्टरनं अंडी द्यायला सांगितलं हुतं. तुमी मेला असता, पण ऐकलं नसतं. म्हणून मी सांगितलं अन् तिनं केलं. मारायचं तर मला मारा."

मग तिने मंजुश्रीच्या मनगटावरच्या त्या मुठीवर बोट ठेवलं.

"चैतात ह्या हातावर लिंग ठरत न्हवतं."

शिवप्पाने ताटलीकडे पाहिलं. मग हाताकडे. मनगट सुटलं. त्याने छातीवरचं लिंग धरायला तो हात वर नेला, पण तो मध्येच थांबला आणि चैत्रातल्यासारखा लटपटू लागला.