लिंबाखालची अदलाबदल

ट्रकचा बंपर फियाटच्या मडगार्डात असा रुतला होता, की दोन्ही गाड्या एकमेकींच्या कानात काहीतरी सांगतायत असं वाटावं. दाक्षायणीचे हात अजून स्टिअरिंगवर होते. ती धड होती, शेजारी बसलेला नवराही धड होता. फक्त तिच्या बाजूचं दार चेमटलं होतं आणि काही केल्या उघडत नव्हतं.

"हिकडनं उतर," असं म्हणून चनबसप्पा डाव्या दारानं उतरला. ती सरकत सरकत त्याच्या मागनं बाहेर आली. त्यामुळं झालं काय, की सोलापूरच्या जकात नाक्यावरनं पळत आलेल्या लोकांना मोटार कोण चालवत होतं ते दिसलंच नाही. दिसायला कशाला पाहिजे? अक्कलकोटचे चनबसप्पा सावकार उभे होते, शेजारी त्यांची बायको उभी होती. त्यात विचारायचं काय?

"ट्रकवाल्याचीच चूक!" लोकांनी एका दमात निकाल दिला.

ट्रकवाला शेखलाल बॉनेटला हात लावून उभा होता. "अठरा वर्सं झाली," तो ओरडला, "आजवर कोंबडीबी मेली न्हाय माज्या चाकाखाली! सावकारांनी मदीच गाडी उजवीकडं घातली. हात न्हाय, हॉर्न न्हाय!"

हात न्हाय? दाक्षायणीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं हात बाहेर काढला होता. सरळ, आडवा, पुस्तकात दाखवलाय तसा. सहा महिन्यांमागं ह्याच हातानं तिनं सोलापुरात परीक्षा देऊन लायसन घेतलं होतं. चनबसप्पानंच माळावर नेऊन तिला हौसेनं शिकवलं होतं. पण त्याच्या हौसेला एक हद्द होती, आणि ती नाक्याअलीकडच्या लिंबाशी संपायची. नाका दिसायच्या आत उजव्या अंगाच्या त्या लिंबाखाली गाडी थांबवायची. नवराबायकोनं जागा बदलायच्या. मग सावकार ऐटीत मोटार हाकत सोलापुरात शिरायचे आणि बायको शेजारी पदर सावरून बसायची. सहा महिन्यांत दाक्षायणीला मोटार चालवताना बघितलं होतं ते वाटेवरच्या बाभळींनी आणि शेळ्यांनी. घरात जाऊबाई तर सरळ म्हणायच्या, "लायसन काय, फोटू दिला की कुणालाबी देत्यात."

आजही ती त्या लिंबाकडंच वळत होती.

हवालदार आला. त्यानं वही उघडली. "बोला सावकार, कसं झालं?"

"मी आपला सावकाश येत हुतो..." चनबसप्पानं सुरुवात केली.

"तुमी कुटं येत हुता?" दाक्षायणी म्हणाली. "तुमी शेंगा खात हुता. गाडी मी चालवत हुते."

चनबसप्पानं तिच्या पदराला हळूच ओढ दिली. "सुम्निर, दाक्षा." सुम्निर म्हणजे गप. घरात दोघं कानडीच बोलायचे, आणि हा शब्द तिच्या वाट्याला जरा जास्तच यायचा.

गर्दी तेवढ्यात फिरली. "असं व्हय! मग बाईचीच चूक की!" अर्ध्या मिनिटापूर्वी ट्रकवाल्याला मारायला निघालेला पानवाला आता त्यालाच पाणी पाजायला लागला. रस्ता तोच, गाड्या त्याच, ठोकरही तीच.

हवालदार मात्र नोकरीत मुरलेला होता. तो शेखलालकडं वळला. "हात दावला न्हाय म्हणतोस?"

"अल्लाची कसम साहेब. ड्रायव्हरनं हात दावलाच न्हाय. नुसता बांगड्यांचा हात बाहेर आला हुता."

"कंच्या बाजूनं?"

"उजव्या."

"कसा?"

"ह्यो असा. आडवा."

"लई वेळ?"

"लई वेळ. मला वाटलं, मागं बसलेल्या वैनी शेंगांची फोलपटं टाकत्यात. म्हनलं, फोलपटं अंगावर यायच्या आत म्होरं काढावी गाडी."

हवालदारानं दाक्षायणीच्या उजव्या मनगटाकडं बघितलं. मनगटभर हिरव्या बांगड्या होत्या. मग शेखलालनंही बघितलं. अठरा वर्षं ट्रक हाकलेला ड्रायव्हर मटकन बंपरावर बसला.

"चुकलो," तो म्हणाला. "हात बघितला, साहेब. ड्रायव्हर न्हाय बघितला."

लोक पुन्हा फिरले. दाक्षायणीनं मान ताठ केली. पहिल्यांदाच सोलापूरच्या वेशीवर पन्नास माणसं तिच्याकडं ड्रायव्हर म्हणून बघत होती. उद्या ही माणसं विसरतील, पण कागद विसरायचा नाही. तो कागद जाऊबाईंच्या पुढ्यात ठेवायचा, तिनं मनाशी ठरवून टाकलं.

हवालदारानं लिहिलं आणि खड्या आवाजात वाचून दाखवलं. "सावकार चनबसप्पा यांची फियाट मोटार अक्कलकोटकडून येत असता ट्रकनं धडक दिली. चूक ट्रकचालक शेखलाल यांची."

"येत असता?" दाक्षायणी म्हणाली. "आपली आपण येत हुती व्हय? चालवत कोण हुतं, ते कुटं हाय?"

"वैनी, ज्याची चूक, त्याचं नाव. तुमची चूकच न्हाय, मग नाव कशाला? बायामाणसाचं नाव पोलिसाच्या कागदात बरं दिसतंय का?"

"झालं तर मग," चनबसप्पा म्हणाला. त्यानं इतका मोठा सुस्कारा सोडला, की शेजारचा पानवालाही हसला. "मिटलं. चल."

हवालदारानं पेनाला टोपण लावलं. दाक्षायणी हलली नाही. तिनं एकदा लिंबाकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं, आणि मग वहीवर हात ठेवला.

"टोपण काढा, साहेब," ती म्हणाली. "अर्धी चूक माजी लिवा. पर नाव पुरं लिवा."