रजेच्या जागेवर

“कर की सही,” बसव्वा सुनेला म्हणाली. “मास्तरीण किती वेळ बसंल?”

सुंदरम्माने पेन नुसतंच हातात धरलं होतं. समोर तिच्या नोकरीचा राजीनामा होता. सांगितला होता बसव्वाने आणि लिहिला होता गौरम्माने. सुंदरम्माबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा त्यांच्या सातवीच्या वर्गावर गौरम्मा बदली म्हणून आली. रजा वाढली, पुन्हा वाढली. शेवटी हेडसरांनी गौरम्मालाच बाळीवेशीत बाईंच्या घरी धाडलं. सोमवारी हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या, असा निरोप. राजीनामा आला की जागा गौरम्माची, कायमची.

कशाला खोटं बोला, गौरम्माला तेच हवं होतं. बापाची गिरणीतली नोकरी सुटलेली, आणि डी.एड. झालेल्या पोरी पैशाला पासरी. तिच्या आईने तर सिद्धेश्वराला नारळ बोलला होता, त्या बाईंचं लेकरू चांगलं रडकं निघू दे म्हणून. निघालंही तसंच. झोळीत पडून ते आत्ताही घर डोक्यावर घेत होतं.

“अपूर्णांक झाले का गं?” सुंदरम्माने विचारलं.

“झाले, बाई. आता त्रैराशिक चालू आहे.”

“तिला कशाला आता अपूर्णांक,” बसव्वा मध्येच बोलली. “नोकरीवाली सून केली, हितंच आमी चुकलो.”

सुंदरम्माचा नवरा रुद्रप्पा दारात उभा होता. तो आईच्या शब्दाबाहेर नव्हता, आणि बायकोकडे बघतही नव्हता.

“वर्गातल्या मुली माझं नाव काढतात का?” सुंदरम्माने विचारलं.

गौरम्मा पेचात पडली. हो म्हणावं तर ही बाई सही करायची नाही. नाही म्हणावं तर तिच्या जिवाला लागायचं. तिने खरं तेच सांगितलं.

“आधी रोज विचारायच्या. आता नाही विचारत.”

सुंदरम्माचे डोळे भरून आले, आणि तशातच ती हसली. “म्हणजे तू चांगलं शिकवतेस. तेवढीच काळजी होती मला. माझी काही इथून सुटका नाही. तू तरी वर्ग सोडू नकोस.” तिने कागद जवळ ओढला.

गौरम्मा भांडणाच्या तयारीने आली होती. दोन शिव्या खाल्ल्या असत्या, तर खुशाल राजीनामा घेऊन तिने शाळा गाठली असती. पण या चांगुलपणाचं काय करायचं? तिने कागद स्वतःकडे घेतला आणि त्याची घडी घातली.

“अव्वा, एक सांगायचं राहिलंच. राजीनामा वर्षाच्या शेवटीच घेतात. परीक्षा होईपर्यंत बाईंना यावंच लागेल. सरकारी नियम आहे.”

नियम तिने आत्ताच केला होता. पण सरकारी म्हटल्यावर बसव्वाचा आवाज उतरला. मग तिला तोड सुचली.

“मग सोमवारपासनं ह्या पोराला कुणी बघायचं? माझ्या गुडघ्यात दम न्हाय. रुद्रप्पा दुकान सोडून बसतोय व्हय?”

सुंदरम्माने पुन्हा पेन उचललं आणि कागदासाठी हात पुढे केला.

“मी बघते की,” गौरम्मा म्हणाली. “सोमवारपासून मी रिकामीच आहे.”